पाव्हण्याचं मडकं

मडकं रिकामं आहे हे सुलोचनाबाईंना हात घातल्यावर कळलं. हात कोपरापर्यंत आत गेला, बोटांना तळाची राख लागली, राखेत कडुलिंबाची चार वाळकी पानं लागली. दाणा लागला नाही.

बुधवार, १९ मे २००४. सकाळचे सव्वाआठ. साडेबाराच्या सुमाराला नागपूरहून हिरालालजी येणार होते, आणि ते याच मडक्यातले दाणे पाहायला येणार होते.

सुलोचनाबाई आदल्या दिवशी अर्जाच्या कामाला प्रेरणाकडे गेल्या होत्या. प्रेरणा त्यांची मुलगी. वर्ध्याच्या एका पतसंस्थेत नोकरीला, नालवाडीत खोली करून राहणारी. रात्रीचा मुक्काम तिथेच झाला होता आणि मायलेकी पहिल्या गाडीने आंजीला परतल्या होत्या. प्रेरणा अंगणात बापाशी बोलत होती. सुलोचनाबाई पायावर पाणी घेऊन सरळ मडक्याकडे आल्या, कारण गाडीत त्यांना तेच आठवत होतं.

चुलीजवळ परात होती. परातीत पांढऱ्या पिठाचा ढीग, वर फडकं. सुलोचनाबाईंनी चिमूट उचलून जिभेवर ठेवली. गोडसर चव ओळखायला त्यांना वेळ लागला नाही.

"रीता, हे पीठ कायचं?"

सून मिरच्या निवडत होती. लग्नाला जेमतेम वर्ष झालेलं. सासऱ्यांना ती मामाजी म्हणायची. "बगळीचं, आई. मामाजीनं काल दळायले लावलं. म्हणे, पाव्हण्यायले आपलीच भाकर खाऊ घालू."

"किती दळली?"

"पुरी. गिरणीवाले नत्थूजी म्हणे, थोडीशी टाकली तं गिरणीतच राहून जाईन, सगळीच टाका." रीताने मान वर केली. सासूचा हात कोपरापर्यंत राखेने भरलेला तिने तेव्हा पाहिला. "राख पाहून म्या विचारलं होतं, आई. मामाजी म्हणे, आमची माय बी राख घालत होती. मंग म्या पाखडली, धुतली, वाळवली…"

"बरं," सुलोचनाबाई म्हणाल्या आणि खाली बसल्या.

बगळी ही या घराची ज्वारी. पिकलं की कणीस बगळ्याच्या मानेसारखं वाकतं म्हणून बगळी. गावात सोयाबीन आलं, ज्वारीच्या पोत्यावर कंपन्यांची नावं आली, आणि बगळी एकेका धुऱ्यावरून, बांधावरून उठत गेली. सुलोचनाबाईंनी मात्र दरवर्षी कपाशीच्या कडेला तिची दोन-चार तासं, म्हणजे ओळी, पेरली, कणसं वेचली, राख-लिंब घालून मडक्यात भरली. कौतुक कोणी केलं नव्हतं आणि त्यांना ते अपेक्षितही नव्हतं.

प्रेरणाला पतसंस्थेच्या फलकावर एक सूचना दिसली डिसेंबरात. नागपूरची एक संस्था गावरान बियाणं जपणाऱ्या, ते पेरून गावातच खाऊ घालणाऱ्या बायकांच्या गटांना लहानसं अनुदान देत होती. आंजीतल्या अकरा बायका जमल्या. प्रत्येकीने थोडं शेत बगळीला द्यायचं, बियाण्याला मातीची भांडी घ्यायची, आणि दर शुक्रवारी वर्ध्याला भाकरीचं दुकान मांडायचं, असं ठरलं. अर्जावर सर्वांत वर नाव होतं सुलोचना प्रभाकर भोयर. सातबारा नवऱ्याच्या नावाचा, शिधापत्रिका नवऱ्याच्या नावाची, वीजबिल तर अजून वारलेल्या सासऱ्यांच्या नावाचं. त्यांचं नाव पहिल्या ओळीत असलेला हा घरातला पहिला कागद. त्याच कागदावर अट क्रमांक चार अशी होती: मूळ वाणाचं किमान पाच किलो बियाणं अर्जदाराकडे प्रत्यक्ष दिसलं पाहिजे. तेच पाहायला संस्थेने हिरालालजींना पाठवलं होतं.

*

प्रभाकररावांनी अंगणात तट्ट्या ओल्या करून टांगल्या होत्या, बाजेवर नवी सतरंजी टाकली होती, धुतलेला सदरा घातला होता. बायकोच्या नावाच्या या कामात त्यांनी सहा महिने बोट घातलं नव्हतं. आता पाहुणा दारी येणार म्हटल्यावर मात्र ते हुशारले होते.

"रिकामं?" ते म्हणाले. "मंग त्याच्यात बियाणं होतं? अन् दुसरं मडकं?"

"कोणतं दुसरं?" सुलोचनाबाईंनी विचारलं.

"पाव्हण्याचं. दोन असतात ना आपल्या घरी. मले वाटलं, हे पाव्हण्याचं."

प्रभाकररावांची आई, रुख्माबाई, होत्या तेव्हा स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात खरोखरच दोन मडकी होती. एकाचं तोंड फडक्याने बांधलेलं. ते मृगाला उघडायचं, एरवी त्याकडे पाहायचंही नाही. दुसरं पाव्हण्याचं. घरी रोज साधी ज्वारी खाल्ली जायची, पण दारात कोणी आलं, मग तो जावई असो, बैलांचा दलाल असो की पटवारी, रुख्माबाई दुसऱ्या मडक्यात हात घालायच्या. बगळीची भाकर तव्यावर फुगली की वास ओसरीपर्यंत यायचा आणि पोरं पाहुण्याच्या ताटाभोवती घुटमळायची. "बियाण्याच्या मडक्याले कोणी हात नाई लावायचा अन् पाव्हण्याच्या मडक्याले कोणी नाई नाई म्हणायचं," हे रुख्माबाईंचं वाक्य प्रभाकररावांना त्यांच्या आवाजासकट पाठ होतं. कोणाच्या ताटातली कोणती भाकर चोरून खाल्ली आणि कोणती धपाट्यासकट मिळाली, हेही पाठ होतं. ते अजून त्या दोन मडक्यांच्या घरात राहत होते. घरात एकच मडकं उरल्याला नऊ वर्षं झाली होती, हे त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं.

"दुसरं मडकं वाटणीत गेलं," सुलोचनाबाई म्हणाल्या.

"वाटणीत? वाटणीच्या कागदावर मडकं नव्हतं."

"कागदावर चूल बी नव्हती. थे आम्ही बायायनं केलं. तुम्ही दोघं भाऊ विहिरीवर भांडून राह्यले होते तवा."

वाटणी झाली १९९५ च्या उन्हाळ्यात. जमीन सरळ निघाली, बैलजोड्या सरळ निघाल्या, विहिरीच्या पाळीवरून मात्र दोघा भावांत शब्द गेला. धाकटे पुंडलिकराव हिस्सा ठोक्याने कसायला देऊन सेलूला गेले, तिथे कृषी केंद्र काढलं. रुख्माबाईंच्या तेरवीला आले, जेवले आणि भावाशी न बोलता गेले.

प्रेरणा फाईल छातीशी धरून उभी होती. "आता काय करायचं, आई?"

उत्तर प्रभाकररावांनी दिलं. "घरात हायब्रीड आहे पोतंभर. मडक्यात भरून देतो. ज्वारी तं ज्वारी."

"बाबा, तो माणूस पंचवीस वर्षं कॉलेजात ज्वारीच शिकवत होता."

"मंग फोन लाव. म्हणा, आज येऊ नका, घरात सुतक आहे. आजी वारली म्हण."

"आजीले जाऊन पाच वर्षं झाले."

"दुसऱ्या कोणाचं नाव सांग."

"तुमचं सांगू?" सुलोचनाबाई म्हणाल्या.

प्रेरणाला हसू आलं, पण तिने ते फाईलमागे दडवलं. बापाची बाजू घ्यायची तिची सवय होती, लहानपणापासूनची. आज ती आईच्या शेजारी जाऊन बसली. प्रभाकररावांना ते दिसलं.

रीता दाराच्या चौकटीशी उभी होती. तिला एक गोष्ट माहीत होती आणि ती सांगायची तर दुसरी सांगावी लागणार होती. नवऱ्याने, धीरजने, तिला चार महिन्यांपूर्वी बजावलं होतं की हे आंजीत तोंडातून काढायचं नाही. धीरज आता हिरालालजींना घ्यायला वर्ध्याच्या स्टेशनवर गेला होता. विचारायला कोणी नव्हतं.

"आई," ती म्हणाली, "काकूच्या पडवीत कणसं टांगली होती. वाकलेली. बगळीचीच असतीन."

"कोणत्या काकूच्या?" प्रभाकररावांनी विचारलं.

रीताचं माहेर सेलूचं, बाजारओळीत किराण्याचं दुकान. पुंडलिकरावांचं कृषी केंद्र तिथून चार घरं सोडून. हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि सोयरीक जुळल्यापासून त्यावर कोणी बोलत नव्हतं.

"तू त्यायच्या घरी गेलती?"

"संक्रांतीले, मामाजी. कमलाकाकूनं हळदीकुंकवाले बलावलं. वाणाले नाई कसं म्हणू?"

प्रभाकरराव काही बोलणार तेवढ्यात सुलोचनाबाईंनी विचारलं, "काय वाण देलं तिनं?"

"तीळगूळ. अन् मूठभर ज्वारी."

"कुठं आहे थे ज्वारी?"

"चिमण्यायले टाकली," रीता म्हणाली.

सुलोचनाबाई उठल्या, फोनवरचं विणलेलं झाकण काढलं आणि नवऱ्याकडे पाहिलं.

"लावा."

"मी? तू लाव. तुह्या जावेचं घर आहे."

"मडकं तुम्ही दळलं."

नंबर रीताला पाठ होता. तिने एकेक आकडा सांगितला, प्रभाकररावांनी फिरवला.

*

सेलूच्या कृषी केंद्रात मे महिना म्हणजे कपाशीच्या पाकिटांचा महिना. पुंडलिकराव दोन गिऱ्हाइकांना एकाच वेळी जवाब देत होते. "पुंडलिक" एवढं ऐकल्यावर त्यांनी पाकीट खाली ठेवलं. तो आवाज त्यांना क्षणभर वडिलांचा वाटला.

"बोल, दादा."

"बगळी आहे का तुह्याकडं?"

"मी दुकानदार माणूस. मायाकडं संकरित आहे, सुधारित आहे, सील लागलेलं, पावतीसकट. नऊ वर्षांनं फोन केला, अन् ज्वारी मागून राह्यला?"

"आईचं बियाणं म्या दळून टाकलं."

पुंडलिकरावांनी गिऱ्हाइकांकडे पाठ केली. "दळून?"

"पाव्हण्यासाठी. मले वाटलं, पाव्हण्याचं मडकं आहे."

"थे तं मायाकडं आहे, दादा."

"आज समजलं मले."

"नऊ वर्षांत तुले समजलं नाई?"

"कोणी सांगतलंच नाई."

पुंडलिकरावांना हसावं की रागवावं हे ठरवता येईना. दोन्ही करायला गिऱ्हाईक आडवं होतं. "कमलाले विचारतो," ते म्हणाले. "मडकं तिचं आहे. माया बोलण्यानं थे हलत नाई."

कमलाबाईंनी नवऱ्याचं बोलणं अर्ध्यावरच तोडलं. "जाऊबाईच्या कागदाचं काम आहे का थे? अकरा बायायचं?" सेलूतही ही बातमी केव्हाच पोचलेली होती.

वाटणीच्या दिवशी रुख्माबाई त्यांना म्हणाल्या होत्या, "मोठीले बियाणं देलं, तुले पाव्हणे देले." कमलाबाईंनी ते वाक्य नऊ वर्षं मनात ठेवलं होतं. मोठीच्या पदरात पीक आणि आपल्या पदरात लोकांची ताटं, असा त्यांनी त्याचा अर्थ लावला होता. त्या रागात त्यांनी पहिल्याच वर्षी पाव्हण्याचं मडकं पेरलं. घरामागच्या जागेत चार तासं. कीटकनाशकं विकणाऱ्याच्या परसात गावरान ज्वारी, म्हणून नवरा थट्टा करायचा. पुढच्या वर्षी राग कमी झाला, पेरणी राहिली.

पदर खोचून त्यांनी माळ्यावरून मडकं उतरवलं. पडवीतली जुडीही सोडली. येतो म्हणून आंजीला फोन केला, पण गिऱ्हाइकं आटोपून दुकान बंद करायला पुंडलिकरावांना साडेबारा वाजले.

*

हिरालालजी बारा चाळीसला आले. सत्तरीचे, बारीक, पायात कॅनव्हासचे बूट. आंजीत शिरल्यापासून त्यांनी धीरजला तीन शेतांबद्दल विचारलं होतं आणि तिन्हींबद्दल त्याला नीट सांगता आलं नव्हतं.

"पहले बियाणं पाहू," ते म्हणाले.

"पहिले जेवण," प्रभाकरराव म्हणाले. "ऊन होऊन राह्यलं, साहेब." सेलू तीस किलोमीटर, मधे वर्ध्याची गर्दी. त्यांचा हिशेब चालू होता.

रीता भाकरी थापत होती, सुलोचनाबाई वाढत होत्या. वांग्याची भाजी, मिरचीचा ठेचा, ताक. हिरालालजींनी पहिली भाकर कोरडीच मोडली, वास घेतला आणि सावकाश चावली.

"ही कोणती?"

"आमची बगळी," प्रभाकरराव म्हणाले. "अजून एक घ्या."

"मेरी नानी अशी भाकर करत असे, आर्वीकडं. साठ वर्षं झाली." त्यांनी दुसरी घेतली. तिसरीला हात आडवा केला. प्रभाकररावांनी तरीही वाढायला लावली. मग ताक वाढायला लावलं, मग पुन्हा ठेचा. प्रेरणा घड्याळाकडे पाहत होती. सव्वा वाजला होता.

हिरालालजींनी हात धुतला, पंच्याला पुसला. "आता दाखवा, बाई. पाच किलो बियाणं."

सुलोचनाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं नाही. त्या म्हणाल्या, "थे तुम्ही खाल्लं, साहेब."

हिरालालजींनी रिकाम्या ताटाकडे पाहिलं.

"काल सगळं दळल्या गेलं. मी घरी नव्हती. धाकट्या जावेकडं सेलूले थोडं आहे म्हणते. येऊन राह्यली. आली तं दाखवीन, नाई तं तुम्ही तुमच्या कागदावर जे लिहायचं थे लिहा. दुसरं काही भरून दाखवणार नाई."

"बाईची चूक नाई," प्रभाकरराव म्हणाले. आवाज त्यांना स्वतःलाच अनोळखी वाटला. "म्या दळलं. बियाण्याचं मडकं कोणतं, मले माहीत नव्हतं."

धीरज बापाकडे पाहत राहिला. परक्या माणसासमोर बापाने चूक कबूल केलेली त्याने पाहिली नव्हती. घरच्या माणसांसमोरही नाही. हिरालालजींनी फाईल उघडली नाही. ती गुडघ्यावर ठेवून ते बसून राहिले.

एक पस्तीसला मोटारसायकल दारात थांबली. मागे कमलाबाई, मांडीवर फडक्याने बांधलेलं मडकं, खांद्याशी कणसांची जुडी. उन्हाने दोघांचे चेहरे लाल झाले होते. पुंडलिकराव उंबऱ्याशी थबकले.

"ये," प्रभाकरराव म्हणाले. "चपला तिथंच काढ, पहिलेसारख्या."

कमलाबाई भासऱ्यांशी, म्हणजे थोरल्या दिरांशी, कधी थेट बोलत नसत. तीस वर्षांचा रिवाज होता. त्यांनी डोक्यावर पदर घेतला आणि मडकं जावेच्या हातात दिलं. "जाऊबाई, मोजून घ्या."

प्रेरणाने ताणकाटा धरला. चार किलो सहाशे.

चारशे ग्रॅम कमी होते. पुंडलिकरावांनी जुडी सोडली, सूप पुढे ओढलं आणि मांडी घालून तळहातात कणीस चोळायला सुरुवात केली. दाणे सुपात टपटपले. "आईनं हुरड्याच्या वक्ताले असंच बसवलं होतं आपल्याले," ते म्हणाले. "तू चोळतच नव्हता, दादा. खाऊन टाकत होता."

"तू बी," प्रभाकरराव म्हणाले. त्यांनीही कणीस उचललं. सूप एकच होतं, म्हणून त्यांना भावासमोर गुडघ्याला गुडघा लावून बसावं लागलं.

हिरालालजींनी दाणे तळहातावर घेतले, एक दाताखाली फोडला, उन्हात धरून पाहिले. पाच किलो भरले तेव्हा जुडीत दोन कणसं उरली होती. ती कमलाबाईंनी उचलून पदरात बांधली.

"तुम्हाला एवढी पुरतील?" हिरालालजींनी विचारलं.

"चार तासाले पुरतात."

त्यांनी आता फाईल उघडली. "हे बियाणं एकाच घरी असतं तर काल संपलं असतं. दोन गावांत होतं म्हणून राहिलं. मी तसंच लिहितो."

"मंग नाव बी दोन लिहा," सुलोचनाबाई म्हणाल्या. "बारावी बाई. कमला पुंडलिक भोयर, सेलू."

"आई, गट एकाच गावचा पाहिजे," प्रेरणा हळूच म्हणाली. "अट दोन."

"वाचली मी. मंग माह्यं बी खोडा."

हिरालालजींनी पेनाचं टोपण काढलं. "खोडायची जरूरत नाही. मी दोन्ही लिहितो आणि कारण लिहितो. समिती काय म्हणेल, आज सांगत नाही."

समितीने काय म्हटलं ते जूनच्या दुसऱ्या आठवड्यात टपालाने आलं. मागितल्यापेक्षा रक्कम कमी होती, शुक्रवारचं दुकान एक वर्ष पुढे ढकललं होतं, आणि पहिल्या ओळीत दोन नावं होती. पण त्या दुपारी यातलं काही कोणाला माहीत नव्हतं. त्या दुपारी माहीत होती ती कमलाबाईंची अट.

पाहुणे गेल्यावर, दोघी जावा चुलीपाशी जेवायला बसल्यावर, त्यांनी ती सांगितली. प्रभाकरराव ओसरीवर होते आणि ऐकू जाईल एवढा आवाज त्यांनी ठेवला. "जाऊबाई, बियाणं फुकट नसते. सासूबाईचा कायदा आहे. दिवाळीनंतर सव्वाईनं वापस पाहिजे. पाचाचे सव्वासहा."

"देऊ. धीरज आणून देईन."

"धीरज नाई. रीता बी नाई. ज्यायनं दळलं त्यायनं आणावं."

ओसरीवर बाज करकरली. प्रभाकरराव उठून दाराशी आले. नऊ वर्षं त्या घराकडे न वळलेला माणूस, तीस वर्षांत त्या बाईशी एक शब्द न बोललेला. परातीत पीठ अजून अर्धं होतं.

"येईन," ते थेट तिला म्हणाले.

कमलाबाईंनी पदर पुढे ओढला आणि ताटाकडे पाहत जावेला म्हणाल्या, "मंग त्यायले सांगा, जेवूनच जा लागीन. थे आले की मी पाव्हण्याचं मडकं उघडीन."